सव्वापाच सेकंद

"तुम्ही परवा नक्की शाळेच्या मैदानावरच होतात ना?" तिने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"मग काय आभाळात होतो?" नवरा बूट काढत म्हणाला. "का गं?"

"सहज."

सहज नव्हतं. परवा संध्याकाळी पावणेआठला एक लघुग्रह एका ताऱ्याच्या आड आला होता. अशा वेळी तारा काही सेकंद विझतो. लघुग्रहाची सावली जमिनीवरून एका पट्ट्यात धावत जाते. पट्ट्याच्या मधोमध उभ्या असलेल्याला तारा जास्त वेळ गायब दिसतो, कडेच्याला कमी. सावली कुठून जाणार याचं गणित ती करायची. मग ठिकठिकाणी दुर्बिणी लावून बसलेले अकरा हौशी लोक तिला आपापले सेकंद कळवायचे. त्यातला एक तिचा नवरा. चष्म्याचं दुकान चालवणारा, अबोल, वेळेचा पक्का.

शाळेचं मैदान पट्ट्याच्या पार उत्तरेच्या कडेला होतं. तिथे तारा फार तर दोन सेकंद विझायला हवा होता. त्याने कळवले होते सव्वापाच.

तिने तीनदा गणित केलं. बाकी दहाही जणांचे आकडे चोख बसत होते. याचाच तेवढा बसेना. तारा नेमका कधी विझला आणि किती वेळ विझला, यावरून बघणारा कुठे होता ते उलटं काढता येतं. तिने काढलं. नकाशावर बोट मैदानापासून तीस किलोमीटर दक्षिणेला, नदीपलीकडच्या एका वस्तीवर थांबलं.

आकडा बदलून लिहिणं त्याला या जन्मात जमलं नसतं. जागा मात्र तो बिनदिक्कत खोटी सांगत होता.

पूर्वी दोघं जोडीनेच जायची. गाडी ती चालवायची, तो शेजारी दुर्बीण मांडीवर घेऊन बसायचा. सात वर्षांपूर्वी एकदा उशीर झाला म्हणून ती गाडी दामटत होती. तिन्हीसांजेला, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि काहीतरी चाकाखाली आलं. "तू बसून राहा," म्हणत तो उतरला. बऱ्याच वेळाने परत आला. "कुत्रं होतं. चल." ती दोन दिवस जेवली नव्हती. त्यानंतर त्याने तिला कधी बरोबर नेलं नाही. "तू घरी गणित कर, मी बघून येतो." सुरुवातीला तिला वाटलं, जपतोय आपल्याला. पुढे पुढे वाटायला लागलं, टाळतोय.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर तिने बस पकडली.

वस्तीच्या तोंडाशी एक सायकलवाला पंक्चर काढत बसला होता. "इथे दुर्बीण घेऊन कुणी येतं का हो?" तिने विचारलं.

"चष्मेवाले ना? ते काय, निळं दार. शिवणवालीचं घर."

सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. फक्त तिलाच नव्हतं.

दार उघडलं ते तिशीतल्या एका बाईने. गळ्यात टेप. तिच्या मागून सहाएक वर्षांची मुलगी डोकावली. डोळ्यांवर लाल काड्यांचा चष्मा. ती फ्रेम तिने स्वतः दुकानाच्या कपाटात कितीदा पुसून ठेवली होती. सहा वर्षं. तिच्या स्वतःच्या घरात मूल नव्हतं, आणि तो विषय दोघांनी कधीच मिटवून टाकला होता.

"मी त्यांची बायको," ती म्हणाली.

शिवणवालीचा चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं. तो उजळला. "अगंबाई, ताई! या ना आत. त्या दिवशी हिनेच हट्ट धरला, तारा विझताना मला दाखवा म्हणून. म्हणून इथेच दुर्बीण लावली त्यांनी. बोलले नाहीत वाटतं?"

"बरंच काही बोललेले नाहीत." तिने मुलीकडे बोट केलं. "ही... कुणाची?"

"कुणाची म्हणजे?" शिवणवाली गोंधळून हसली. "हिचे वडील ट्रकवर असतात. रविवारी आलात तर भेटतील. दोघांचं गूळपीठ आहे अगदी, तुमचे मिस्टर आणि ते."

तिला रडूच फुटलं. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. काय काय मनात आणलं होतं आपण त्या बिचाऱ्याबद्दल! घरी जाऊन आधी त्याची माफी मागायची, तिने ठरवलं. शिवणवालीने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"मग ते येतात तरी कशाला इथे?" डोळे पुसत तिने विचारलं.

"ही पोटात होती तेव्हा आमचा मोठा मुलगा गेला. सात वर्षं झाली. पाच वर्षांचा होता. मोठ्या रस्त्यावर गाडीखाली आला. पंधराएक दिवसांनी तुमचे मिस्टर दारात उभे, दुर्बीण लावायला जागा मिळेल का विचारत. घरातली रडारड पाहून उंबऱ्यातच बसले. तेव्हापासून येतात. देवमाणूस हो, ताई."

"आणि तो गाडीवाला? सापडला?"

"कुठला सापडतोय! एकाने लांबून पाहिलं होतं. माणूस उतरला, पोराजवळ गुडघे टेकून बसला, रडला म्हणे, मग गाडीत जाऊन बसला." शिवणवालीने टेपच्या टोकाने डोळे टिपले. "पण त्याला तरी काय बोल लावायचा? गाडी कुणी बाई चालवत होती."