संडासाची चावी

कारखान्यातल्या संडासाची चावी सुपरवायझरच्या खिशात असायची. कुणी मागितली की तो दात काढत म्हणायचा, “सकाळीच तर गेली होतीस!” तिथे दोघी जावा शेजारीशेजारी शिवायच्या. पोटुशी धाकटी त्या दिवशी विनवण्या करून थकली, तरी चावी मिळाली नाही. तिला खुर्चीतच लघवी झाली. त्याने नाक मुरडून चिंधी फेकली. “पूस.” ती वाकली, तशी थोरलीला किळस आली, त्याची आणि आजवर गप्प बसलेल्या स्वतःचीही. तिने धाकटीला उभं केलं. “ती पुसणार नाही. चावी टाक.” “घरी बसायचंय का तुला?” “बसेन. आधी चावी.” भोवतालच्या मशिनी थांबलेल्या पाहून त्याने ती काढली. घामट, कोमट चावी थोरलीने चिमटीत धरली, जावेला आत नेलं आणि बाहेर आल्यावर चावी कुलपातच ठेवली. मागच्या रांगेतली म्हातारी उठली आणि कुणालाही न विचारता आत गेली.