मधलं मॉड्यूल

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तीच, चूक दाखवणारी लाल ओळ आली. साक्षीने कपाळाला हात लावला. द्राक्षांच्या एका गोदामासाठी ती सॉफ्टवेअरचा नवा प्रोजेक्ट उभा करत होती. प्रत्येक कामाचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, वेगळं, आपापल्या फोल्डरमध्ये सुखी. पण 'माल' नावाचं मॉड्यूल 'गाडी'वर अडून बसलं होतं आणि 'गाडी' 'माल'वर. आधी कोणी उठायचं हे ठरत नव्हतं, म्हणून कोणीच उठत नव्हतं.

तिला हसू आलं. हे दुखणं तिच्या घरचंच होतं.

चार वर्षांपूर्वी वणीहून परतताना बाबांनी धावत जाऊन एसटीत जागा धरली. गाडी सुटली तेव्हा आई थांब्यावर उसाचा रस पीत होती. तेव्हापासून दोघांचा अबोला. आई म्हणे, आधी त्यांनी चुकलो म्हणावं. बाबा म्हणत, आधी तिने तोंड उघडावं. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांचा सगळा कारभार साक्षीच्या तोंडून चाले. बाबांना सांग, चहा झालाय. आईला सांग, साखर कमी पडलीय. मग दोघं हातभर अंतरावर का बसलेली असेनात.

म्हणून तर ती नाशिक सोडत नव्हती. तुम्ही बोलायला लागलात की मी सुखाने जाईन, असं तिने दोघांना बजावलंही होतं. बाहेरगावच्या चांगल्या नोकऱ्या तिने नाकारल्या होत्या. आता हैदराबादची आली होती, अगदी हवी होती तशी, आणि आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पण आपण गेलो तर या घरात फक्त भांड्यांचा आवाज उरेल, म्हणून तिने अजून उत्तर लिहिलं नव्हतं.

तिने 'माल' आणि 'गाडी'च्या मधे एक छोटंसं तिसरं मॉड्यूल घातलं. दोघांनी त्याच्याशीच बोलायचं, एकमेकांशी नाही. लाल ओळ गेली. प्रोजेक्ट मुकाट्याने चालू झाला. मधलं काढलं की सगळं बंद, तिच्या मनात आलं, आणि यश मिळूनही तिला उदास वाटलं.

मार्चची दुपार होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा बसत होता. खालून द्राक्षवाल्याची हाळी गेली आणि लांब लांब होत विरून गेली. साक्षीने टेबलावर डोकं टेकलं. डोळा लागला की नाही ते तिलाच कळेना. घरातल्या खोल्या फोल्डरसारख्या एकेक करून उघडत होत्या, दोनाच्या कितीतरी झाल्या होत्या, आणि प्रत्येकीत कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

"अहो, पंखा कमी करा जरा. झोप लागलीय तिला."

साक्षीने डोळे उघडले नाहीत. आईचं हे 'अहो' तिने चार वर्षांत ऐकलं नव्हतं. पंखा मंदावला. कोणीतरी तिचा चष्मा अलगद काढून बाजूला ठेवला.

"सिंधू, सांगून टाकू या का तिला?" हा बाबांचा आवाज. "किती दिवस हे नाटक करायचं?"

"नको," आई म्हणाली. "आपण बोलतो हे कळलं तर ती जाईल."

मग दोघं कुजबुजत राहिली. दूधवाल्याचं निघालं, गुडघ्यांचं निघालं, वणीच्या त्या एसटीचंसुद्धा. आई चक्क हसली. साक्षीला राग यायला हवा होता, पण आला नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. ही झोप संपूच नये, असं तिला वाटत राहिलं.

उन्हं उतरली. कप वाजले.

"साक्षी, बाबांना सांग, चहा झालाय."

साक्षी उठली. चष्मा लावला. हैदराबादला होकार पाठवून दिला. मग बाहेरच्या खोलीत बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. आई कपबशा घेऊन दारातच होती.

"बाबा, चहा झालाय," साक्षी म्हणाली. "आणि आईला सांगा, मी हैदराबादला निघाले."