ताईचे लाड

आईच्या आजारपणात स्वतःची सारी हौसमौज गुंडाळून ठेवलेल्या ताईला धाकटा भाऊ किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलात जेवायला घेऊन गेला. "माझे गुडघे धरलेत, तुम्ही दोघं जा," म्हणत आईने आपल्या हातांनी तिच्या कानांत स्वतःचे मोती घातले होते.

काचेपलीकडे भरतीचे पाणी होड्यांना अलगद उचलून धरत होते. भाऊ माशाचे काटे काढून एकेक तुकडा तिला वाढत होता. उभ्या आयुष्यात तिचे इतके लाड कुणी केले नव्हते.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय रे?" तिने हसत विचारले.

"ताई, घर विकलंय," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "महिनाअखेरीला रिकामं करायचंय. आईला मी माझ्याकडे नेतोय. तुझ्यासाठी एखादी खोली बघू."

आजूबाजूच्या टेबलांवर माणसे निवांत जेवत होती. ताईने अगदी हळू आवाजात विचारले, "हे सांगायला इथवर कशाला आणलंस?"



"आईच म्हणाली, 'तिला हॉटेलात ने. चारचौघांत ती आवाज चढवत नाही.'"