दहा वर्षांची वॉरंटी

"अप्पा, आपण हे घर सोडून चाललोय का?"

विचारून टाकलं एकदाचं! गच्चीच्या जिन्याखाली सोलरचा इन्व्हर्टर उघडा पडला होता. त्याच्यासमोर उकिडवे बसलेले सोलरवाले हयवदन अण्णा हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून कावेरीकडे बघायला लागले. चहा घेऊन येणारी अम्मा दारातच थांबली. अप्पांनी मात्र इन्व्हर्टरच्या लाल दिव्यावरची नजर काढली नाही.

पैज वर्गमैत्रिणीची, सुप्रीताची होती. "तुझे अप्पा 'एप्रिलपर्यंत चालला तरी पुरे' म्हणाले? मग संपलंच की गं! इंदिरानगरचं घर सोडायच्या आधी आमच्या डॅडींनी गीझर असाच दुरुस्त करून घेतला होता. नवीन नकोच म्हणायचे. मार्चमध्ये तुझी दहावी संपली की तुम्ही गायब! हिंमत असेल तर आज घरी सगळ्यांसमोर विचार."

हिंमतीचं नाव काढल्यावर कावेरी थोडीच मागं हटणार? गॅदरिंगला माइक हातात आल्यापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. पण ह्या प्रश्नानं दुपारपासून तिला एका जागी बसू दिलं नव्हतं. ती, सुप्रीता आणि सौम्या, तिघींनी दहावीनंतर एकाच कॉलेजात जायचं, हे कधीचं ठरलं होतं.

"कुठं जातोय गं आपण?" अम्मा म्हणाली, जरा जोरातच. "अण्णा, जुना काढून टाका. नवीनच बसवा. दहा वर्षं बघायला नको."

"बघा अप्पा! अम्मा बरोबर बोलते."

"बोर्ड बदलला तर हाही चालेल," हयवदन अण्णा म्हणाले. "वर्ष, दोन वर्षं. नवीन घेतलात तर दहा वर्षांची वॉरंटी. पण स्वल्प लवकर सांगा. बोर्डासाठी मला शिवाजीनगरचं मार्केट गाठायचंय."

"दुरुस्तच करा," अप्पा म्हणाले.

"का पण?" कावेरी उसळली. "म्हणजे तुम्हालाच इथून जायचंय! सरळ सांगा ना."

तेवढ्यात हवाई दलाचं विमान घराच्या डोक्यावरून गेलं. येलहंक्यात अशा वेळी बोलणं अर्ध्यात सोडतात आणि आवाज विरला की तिथूनच पुढं सुरू करतात. आवाज विरला. इन्व्हर्टर तेवढा टीं टीं करत होता. कावेरी ह्या पायावरून त्या पायावर होत राहिली.

मग अप्पा अम्माला म्हणाले, "दहा वर्षांचा घ्यायचा म्हणजे सोमवारी तू नाहीच म्हणणार?"

"पोरीसमोर नको."

"सोमवारी काय आहे?" कावेरीनं विचारलं.

अम्मानं तोंड फिरवलं. सांगितलं ते अप्पांनी. अम्माला बँकेत बढती मिळत होती. एप्रिलपासून कलबुर्गीच्या शाखेची मॅनेजर. होय की नाही, ते सोमवारी कळवायचं. नाही म्हणायची ही तिसरी वेळ. कावेरी पहिलीत होती तेव्हा एकदा, सहावीत होती तेव्हा एकदा. आता नाही म्हटलं की पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

"माझं काय, लॅपटॉप नेईन तिथं काम," अप्पा म्हणाले. "पण ही ऐकेल तर ना!"

"तिथला उकाडा सोसेल का पोरीला? तिच्या मैत्रिणी, तिचं कॉलेज सगळं इथं. मला आहे तिथं बरं आहे." अम्मा खाली वाकली आणि टाकून द्यायच्या इन्व्हर्टरचं झाकण ओढणीनं पुसायला लागली.

कावेरीला प्राणेश अंकल आठवले. बँकेतले अम्माचे साहेब. ते अम्माला फोनवर अजूनही 'मॅडम' म्हणायचे. साहेबच मॅडम म्हणतो, ह्यावर कावेरी किती हसायची! "मीच काम शिकवलं ना गं त्याला," अम्मा एकदाच म्हणाली होती आणि कुकर लावायला निघून गेली होती.

मोबाइल थरथरला. सुप्रीता. 'विचारलंस? काय म्हणाले?' खाली सौम्याची नुसती प्रश्नचिन्हं. कावेरीनं लिहायला बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. कलबुर्गी! तिथलं एक माणूस ओळखीचं नाही. डोळे भरून येताहेत असं वाटलं तशी ती धाडधाड जिना चढून गच्चीवर गेली. तापलेल्या पॅनेलांना एक वळसा घातला, नाक पुसलं आणि तशीच खाली आली.

"सरी, बरं, मग काय करू?" हयवदन अण्णांनी आधी अम्माकडे बघितलं, मग अप्पांकडे.

अम्मा बोलणार, तोच कावेरीनं माइकसमोर उभं राहिल्यासारखा घसा साफ केला.

"अम्मा, अप्पा, ऐका. ठरलं. दुरुस्तच करायचा," ती म्हणाली. "भाडेकरूंना एवढा पुरे."