जागच्या जागी

मास्तरांनी शेवटच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवली आणि अंगठ्याने तिच्या कडा दाबल्या. ‘साखर.’ ठळक, गोल, सुटं अक्षर. पहिलीच्या वर्गात आयुष्य काढलेल्या माणसाचं.

मुलगी ओट्यापाशी उभी राहून जुने डबे पिशवीत भरत होती. टाकण्याआधी एकेक वाचत होती. हसावं की रडावं, तिला कळत नव्हतं.

“‘खऱ्या फळांची कृत्रिम चव.’ आत काय होतं, तर मीठ. ‘खुसखुशीत बिस्किटे.’ आत चहा. आणि हा बघा, माझ्या दुधाच्या पावडरीचा डबा! ‘सहा महिन्यांवरील बाळासाठी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.’ आत साखर! बाबा, या स्वयंपाकघरात कोणाचंही डोकं फिरेल. आईचं फिरलं यात...”

तिने जीभ चावली.

“तुझी आई म्हणायची, डब्यावरचं वाचूनच स्वयंपाक करायचा तर मी कशाला हवी?” मास्तर म्हणाले. “आणि चहा अजून करते बरं का ती. रोज. फक्कड करते.”

“तुम्ही शेजारी उभे असता म्हणून.”

“उभा असतो. बोलत काही नाही.”

“मग आज मीही नुसती उभी राहते. उद्या त्या वृद्धाश्रमाला कळवायचंय, आईसाठी जागा हवी की नको. तिने एक कप चहा एकटीने नीट केला ना, तर नको म्हणून सांगते. परत तो विषयच काढणार नाही. म्हणून तर म्हटलं, आधी डबे सरळ करू. तिलाच सोपं जाईल.”

मास्तरांना ते पटलं होतं. वर्गात ते असंच करत. दारावर ‘दार’, खिडकीवर ‘खिडकी’, बादलीवर ‘बादली’. मागे पडलेली पोरंसुद्धा हळूहळू वाचू लागत. त्यांच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, तर अजूनही वाचता येत होतं. आजचा वार विसरत, लेकीचं नाव विसरत, पण वर्तमानपत्रातले मथळे घडाघडा वाचत. मास्तरांची सगळी भिस्त त्यावरच होती. त्यांनी तिन्ही बरण्या पुसल्या आणि फळीवर वर्णानुक्रमाने लावल्या. चहा, मीठ, साखर.

खाली कचऱ्याची गाडी आली. मुलगी पिशवी घेऊन जिन्याने धावत गेली आणि हात झटकत वर आली.

“सुटलो एकदाचे!”

तेवढ्यात मास्तरीणबाई झोपेतून उठून आल्या. पदर सारखा करत मुलीकडे बघून हसल्या.

“अहो, पाहुण्या आल्यात आणि तुम्ही मला उठवलं नाही? बसा हो बाई. चहा टाकते.”

“टाका,” मुलगी म्हणाली.

मास्तरीणबाईंनी गॅस पेटवला. आच बारीक केली. कपाने मोजून पाणी पातेल्यात ओतलं. कुठे अडणं नाही, शोधणं नाही. मुलगी मास्तरांकडे बघत राहिली. मास्तर म्हणाले होते तसंच होतं.

मग त्यांनी चमचा उलटा धरला आणि न बघता हात फळीवर नेला, मधोमध. तिथे वर्षानुवर्षं साखरेचा तो पावडरीचा डबा होता. त्याचं झाकण चेपलेलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागे. दांडा काचेवर आपटला. टक. पुन्हा, टक. हात तसाच राहिला. त्यांनी मान वर केली आणि बरण्यांकडे परक्या घरात आल्यासारखं पाहिलं.

“वर लिहिलंय, आई,” मुलगी न राहवून म्हणाली. “वाच ना.”

मास्तरीणबाईंनी अक्षरांखाली बोट धरलं.

“चहा,” त्या म्हणाल्या. “मीठ. साखर.”

स्वच्छ, खणखणीत.

“बघा बाबा!” मुलीने त्यांचा दंड धरला. “म्हटलं नव्हतं मी?”

मास्तरांनी रोखलेला श्वास सोडला.

मास्तरीणबाईंचा हात पुन्हा फळीवर गेला. मधल्या जागीच. त्यांनी बरणी उतरवली, झाकण फिरवलं आणि एक चमचा भरून पातेल्यात घातला. मग दुसरा.

दंडावरची पकड सुटली. मुलीने पर्समधून फोन काढला, पुन्हा आत ठेवला, आणि खिडकीशी जाऊन खाली रस्त्याकडे बघत उभी राहिली. गाडी केव्हाच गेली होती.

पाणी उकळू लागलं. मास्तरीणबाईंना काहीतरी जाणवलं असावं, हाताला म्हणा की मनाला. त्या थांबल्या. बरणी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, बोट सरकवत, सावकाश.

“मीठ,” त्या म्हणाल्या. मग धडा वाचून झालेलं पोर बघतं तसं त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. “बरोबर आहे ना हो?”

मास्तरांना त्या नजरेपुढे कधी गप्प बसता आलं नव्हतं. आणि वाचलेलं तर बरोबरच होतं.

“शाब्बास,” ते म्हणाले.

मास्तरीणबाई खुलल्या. त्यांनी आणखी एक चमचा घातला, अगदी काठोकाठ भरून.