बिनकड्यांचं पातेलं

आरतीने पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं, काठावर कोरलेलं प्यारीबाईंचं नाव वाचलं आणि पुखराजशेठना सांगितलं, की हे काही देवळाच्या भांड्यांत घेता येणार नाही.

शेठचा चेहरा पडला. बेल्ह्याच्या देवळातली भांडी कुणीही लग्नकार्याला न्यावीत, कुणीही त्यांत भर घालावी, अशी गावाची रीत. आईच्या नावाने त्यांनी चांगलं जाड स्टीलचं पातेलं आणलं होतं. पण त्याला कड्या नव्हत्या. पेटत्या चुलीवरून एवढा भात उतरवायचा, तर कड्यांत दांडा घालून दोघांनी उचलावा लागतो. भांडी ताब्यात आल्यापासून आरतीने हा नियम कुणासाठी मोडला नव्हता.

"आमच्या घरी तर कड्यांवाचून काय अडलं न्हाई," शेठ म्हणाले.

"तुमच्या घरी गॅस हाये, शेठ. पुढं हे कुणाच्या चुलीवर जाईल, ते तुमाला-मला काय ठाव?"

बोलून गेली आणि तिची तीच चपापली. ती जुन्नरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मराठी नावं अकारविल्हे लावणारा एक छोटा प्रोग्राम तिने हौसेने लिहिला होता. जगभरची माणसं आपले प्रोग्राम इंटरनेटवरच्या एका सामाईक संग्रहात ठेवतात, ज्याला हवा तो फुकट नेतो. तिथे तिने तो पाठवला होता. कालच उत्तर आलं. काम छान आहे, पण ते फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. विंडोज असो की लिनक्स, कुठेही चाललं पाहिजे. आमचे नियम वाचा आणि पुन्हा पाठवा. तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. इथे तर चालतंय की, एवढंच ती घोकत बसली होती.

आता तिला हसू आवरेना. शेठ आणखीच दुखावले, तेव्हा तिने सांगून टाकलं, की कालच तिचीही एक वस्तू अशीच परत आली.

"मग तुमी काय केलं?"

"शिव्या घातल्या."

"मी बी वाटंत त्येच करणार व्हतो," शेठ म्हणाले, आणि त्यांनाही हसू फुटलं.

जुन्नरच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसली. आरती त्या नियमांचे छापील कागद पहिल्यांदाच शांतपणे वाचत होती. जमेल आपल्याला, असं वाटून तिला बरं वाटत होतं. शेठच्या मांडीवर पातेलं होतं.

कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, "एवढं मोठं पातेलं कुणाचं, शेठ?"

"गावाचं," शेठ म्हणाले. "कड्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात."