भाचीला आणलेला फुगा

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि घरात सगळ्यांनाच डॉक्टरकी येऊ लागली. “चालत्याबोलत्या पोरीचं डोकं उघडायचं? मोठी झाली की बघू,” पोरीच्या आईची थोरली नणंद वॉर्डात शिरताशिरताच म्हणाली आणि तिने भाचीच्या हातात फुगा दिला. “फुगव गं, दाखव आईला किती ठणठणीत आहेस!” आई औषधं टाकून धावली, तोवर पोरीचा उजवा हात लुळा पडला होता, फुगा फुर्रकन कॉटखाली गेला. “नाटकी कुठली!” नणंद हसली. सूप फुंकताना पोरीच्या हातून चमचा गळायचा तेव्हाही ती हेच म्हणायची. “वन्सं, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतायत तिच्या. नुसतं जोरात फुंकलं तरी मेंदूला रक्त कमी पडतं. पक्षाघाताची वाट बघायची का?” आई कडाडली. हळूहळू बोटं हलली. पोर कुजबुजली, “आई, मी नाटक करत नव्हते ना?” आईने फुगा उचलून नणंदेच्या हातात ठेवला. “तुम्ही सांगा तिला.”